दुपारी घरातच थांबा म्हणता, पण आमचा कारखाना घरातच आहे

सोलापूर शहराचा आणि जिल्ह्याचा कारभार पाहणारे सर्व अधिकारी, नगरसेवक, आमदार आणि खासदार यांस,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

जानेवारीतली गड्ड्याची यात्रा उरकली की सोलापुरात ऊन चढायला लागतं. महिन्या-दीड महिन्यात तुमचं नेहमीचं पत्रक निघेल. दुपारी १२ ते ३ घराबाहेर पडू नका, भरपूर पाणी प्या, सैल सुती कपडे घाला, ताक आणि लिंबूपाणी घ्या. पत्रकात चूक काहीच नाही, वैद्यकशास्त्राला धरूनच सगळं लिहिलेलं असतं. फक्त ज्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून ते लिहिलेलं असतं, तो आमच्या पूर्वभागात, माग आणि विडी कामगारांच्या या वस्तीत, राहत नाही.

मी पूर्वभागातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. वडिलांची उभी हयात टॉवेलच्या मागावर गेली, अम्मा अजून विड्या वळते. सगळं आयुष्य याच गल्ल्यांत गेल्यामुळे हे पत्र लिहायला मला कुणाची परवानगी घ्यावीशी वाटली नाही. आणि उन्हाळ्यात न लिहिता आत्ता लिहिते आहे, कारण हेच तुमच्या अंदाजपत्रकाचे दिवस. मे महिन्यात निवेदन दिलं की 'तरतूद नाही' हे उत्तर ठरलेलं असतं.

आधी पंख्याचं सांगते, कारण पत्रक लिहिणाऱ्याला ते बहुधा माहीत नसावं. विडी वळणाऱ्या बाईच्या मांडीवर सूप असतं, सुपात तंबाखू असते आणि भिजवून मऊ केलेली तेंदूची पानं कापून शेजारी ठेवलेली असतात. पंखा लावला की तंबाखू उडते आणि पान वाळतं. वाळलं की वळताना फाटतं. फाटक्या पानाची विडी छाटात, म्हणजे नापास मालात, जाते, आणि छाटाचा भुर्दंड वळणाऱ्या बाईलाच बसतो. म्हणून ऐन मे महिन्यात, पत्र्याखाली, हाताशी बटण असूनही पंखा बंद ठेवून बायका हजार विड्यांचा आकडा गाठतात. मागाच्या शेडमध्ये वेगळं काही नाही. वाऱ्याचा झोत आला, हवा कोरडी झाली की सूत तुटतं, म्हणून खिडक्या लावलेल्या. वर पत्रा तापतो, आत मोटारी तापतात, आणि पाळी आठ तासांची फार क्वचित असते. उन्हाचा तडाखा टाळायचा तर सावलीत बसा, हा सल्ला या दोन्ही ठिकाणी निरुपयोगी आहे. आमची माणसं सावलीतच बसलेली असतात आणि तिथेच भाजून निघतात.

बरं, या उन्हाची नोंद तरी होते का? हवामान खात्याच्या निकषाप्रमाणे मैदानी भागात पारा किमान ४० असावा लागतो आणि शिवाय त्या काळाच्या सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी तरी अधिक असावा लागतो, किंवा थेट ४५ गाठावे लागतात, तेव्हा उष्णतेची लाट आली असं धरतात. सोलापूरची मे महिन्याची सरासरीच चाळिशीच्या आसपास आहे. त्यामुळे ४३ आणि ४४ अंशांचे दिवसामागून दिवस जातात आणि कागदावर बऱ्याचदा लाट आलेलीच नसते. सवयीने तापलेल्या गावाला या निकषात शिक्षाच आहे. हा निकष तुम्ही ठरवलेला नाही, मला ठाऊक आहे. पण गावापुरता वेगळा इशारा ठरवायला तुम्हाला कुणी अडवलेलं नाही. अहमदाबादमध्ये २०१० च्या उन्हाळ्यात माणसं दगावली, तेव्हा तिथल्या पालिकेने जुन्या मृत्यूंच्या आणि तापमानाच्या नोंदी ताडून पाहिल्या, आपल्या शहरात कितव्या अंशाला माणसं मरू लागतात ते शोधलं आणि २०१३ मध्ये देशातला पहिला उष्णता कृती आराखडा केला. त्या शहराकडे आपल्याहून पैसा जास्त असेल. पण मृत्यूच्या नोंदी आपल्याकडेही आहेत, त्या ताडून बघायला किती खर्च येतो?

रात्रीच्या तापमानाबद्दल तर कुणी बोलतच नाही. दिवसभर तापलेला स्लॅब आणि पत्रा मध्यरात्र उलटली तरी आत ऊब सोडत राहतो. अंग थंडच होत नाही, झोप लागत नाही, आणि सकाळी तोच माणूस पुन्हा मागावर उभा. माझ्या वर्गात मार्च-एप्रिलमध्ये पहिल्याच तासाला डुलक्या घेणारी मुलं आळशी नसतात. आपल्या जुन्या सोलापूरची घरं माळवदाची होती. जाड मातीच्या छताखाली भर दुपारीही बसवायचं. ते गेलं, जायचंच होतं, दरवर्षी माती कोण टाकत बसणार? पण त्याच्या जागी आलेला पत्रा म्हणजे डोक्यावर पालथी घातलेली कढई आहे, आणि तिच्याखाली किती घरं नांदतात याची मोजदाद कुठेही नाही.

तुम्हाला मोजता येत नाही, असं मात्र मी मानायला तयार नाही. २०२० मध्ये तुम्ही मोजून दाखवलंय.

त्या एप्रिलमध्ये सोलापुरात कोरोनाचा पहिला रुग्ण सापडला तो आमच्याच बाजूला. नंतर काही दिवसांत रोजचा अहवाल सुरू झाला. किती तपासले, किती बाधित, किती गेले, कुठल्या पेठेत किती, कुठल्या नगरात किती. आम्ही जेवणाआधी तो वाचायचो. सप्टेंबरमध्ये राज्यभर 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' सुरू झालं आणि आशाताई हातात ऑक्सिमीटर घेऊन आमच्या बोळाबोळांत शिरल्या. घरात साठीपुढचं कोण, साखर कुणाला, रक्तदाब कुणाला, सगळं लिहून घेतलं. ज्या घरांचा पत्ता टपालवाल्यालाही सापडत नाही त्या घरांच्या दारात सरकार पोचलं होतं. ती यादी आज कुठे आहे? उन्हाने आधी कोण कोसळणार हे त्याच यादीत लिहिलेलं आहे. तीच वयं, तेच आजार. साथ ओसरली आणि यादीही कुठल्यातरी संगणकात मिटली. मला राग आहे तो याचा. करता येत नव्हतं म्हणून झालं नाही, असं असतं तर गप्प बसले असते.

त्या दिवसांत आमच्यावर काय गुजरलं तेही लिहिते, कारण त्याचा हिशेब अजून मिटलेला नाही. मार्चमध्ये माग थांबले, विडीचे कारखाने बंद झाले. इथे मजुरी आठवड्याच्या हिशेबाने येते, त्यामुळे घरात शिल्लक असण्याचा प्रश्नच नव्हता. रेशनचं धान्य आलं, ते नाकारणार नाही. पण घरभाडं, बचतगटाचा हप्ता, फायनान्सवाल्याची फेरी यातलं काही थांबलं नाही. जुलैत पुन्हा दहा दिवसांची कडक टाळेबंदी लागली. शाळा बंद आणि शिक्षण मोबाइलवर, आणि घरात एकच मोबाइल, तोही वडिलांच्या खिशात. माझ्या वर्गातली काही मुलं त्या काळात मागाच्या सुताच्या कांड्या भरायला गेली ती वर्गात परतलीच नाहीत. आज ती मागावर दिसतात. आम्ही शिक्षकांनी घरोघर जाऊन विनवण्या केल्या, पण विनवणीने घरातला कर्जाचा हप्ता फिटत नाही.

आता उन्हाळ्यात जे होतं ते याहून फार निराळं नाही. भर दुपारी हात चालत नाही, विड्या कमी वळल्या जातात, मजुरी घटते. मागावरचा माणूस चक्कर येऊन दोन दिवस घरी बसतो, त्याचा पगार कापला जातो. टाळेबंदी जाहीर होत नाही, इतकाच फरक. आणि जाहीर नसल्यामुळे रेशन नाही, भरपाई नाही, पंचनामा नाही.

यावर हल्ली एक बोलणं ऐकू येतं. टाळेबंदीत हवा कशी स्वच्छ झाली होती, आकाश कसं निळं झालं होतं, निसर्गाने मोकळा श्वास घेतला वगैरे. मी विज्ञानाची शिक्षिका आहे, म्हणून आकडा सांगते. अख्खं जग घरात कोंडूनही २०२० मध्ये कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन साधारण पाच-सहा टक्क्यांनीच घटलं, आणि पुढच्याच वर्षी ते जवळपास जुन्या जागी येऊन बसलं. २०२४ हे नोंदींमधलं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं, औद्योगिक काळाच्या आधीच्या तुलनेत दीड अंशाची रेघ ओलांडणारं पहिलं. गरिबाचं काम बंद पाडून हवामान वाचत नाही, हे २०२० ने सिद्ध केलं. वीज कशापासून तयार होते, पाणी कुणाला किती मिळतं, घर कशाचं बांधतात, हे बदलावं लागतं. उद्या कुणी पर्यावरणाच्या नावाने आमच्या मागांना टाळं लावायला निघालं, तर हा आकडा जवळ ठेवा.

विजेचंच घ्या. दक्षिण सोलापुरात कोळशावरचा १३२० मेगावॉटचा प्रकल्प उभा आहे. त्याला लागणारं पाणी उजनी धरणाचं. त्याची वीज कुठे कुठे जाते ते जाऊ दे. पण एवढ्या उन्हाच्या गावात मागाच्या शेडवर सौर पट्ट्या अजून अपवादानेच दिसतात. पट्ट्यांनी वीजही मिळेल आणि पत्र्यावर सावलीही पडेल. राज्याच्या २०२३-२८ च्या वस्त्रोद्योग धोरणात सौरऊर्जेला उत्तेजन देण्याची भाषा आहे. पण शेड एकाची, माग दुसऱ्याचे, असाच इथला कारभार, मग कर्ज कुणाच्या नावावर काढायचं? हा अडथळा तुम्ही एका बैठकीत सोडवू शकता.

आणि पाणी. यावर लिहायला बसलं तर पत्र संपणार नाही. शहराची वर्षभराची गरज फार तर दोन-अडीच टीएमसी (अब्ज घनफूट). ती भागवायला भीमेच्या पात्रातून एकेका पाळीला पाच-सहा टीएमसी सोडावं लागत आलं, बाकीचं वाटेत मुरतं, उडतं, उपसलं जातं. २०२४ च्या जूनमध्ये उजनी वजा ६० टक्क्यांच्या जवळ गेली होती. म्हणजे मृत साठ्यातलंही निम्मंच उरलेलं, आणि त्यात वरच्या अंगाच्या शहरांचं सांडपाणी मिसळलेलं. तेच पाणी आम्ही तुरटी फिरवून प्यायलो. समांतर जलवाहिनीची वाट आम्ही किती वर्षं पाहिली ते तुम्हाला माहीत आहे. पण मोठ्या नळाने पाणी शहरापर्यंत आलं म्हणून गल्लीतल्या नळाला रोज येत नाही. आतलं जाळं जुनं आहे, टाक्या अपुऱ्या आहेत. चार-पाच दिवसांआडचं पाणी बॅरलमध्ये साठवायचं, त्यात डासांच्या अळ्या होतात, मग डेंगीचं दुसरं पत्रक निघतं: पाणी साठवून ठेवू नका. भरपूर पाणी प्या आणि पाणी साठवू नका, ही दोन्ही पत्रकं एकाच भिंतीवर लावलेली मी पाहिली आहेत.

दुष्काळाने पोळलेल्या याच जिल्ह्यात २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला असा पूर आला की महामार्ग बंद पडले आणि माढा-मोहोळकडच्या गावांतून माणसं बाहेर काढावी लागली. त्याआधी २०२० च्या ऑक्टोबरात, साथ ऐन भरात असताना, भीमेने पंढरपुरात थैमान घातलं, तेव्हा कुंभार घाटाची भिंत कोसळून सहा जीव गेले. म्हणजे साथ, पूर, टंचाई, ऊन ही संकटं पाळी लावून येत नाहीत. तुमचे विभाग मात्र पाळी लावून काम करतात.

हरित सोलापूरच्या फलकांबद्दल एकच सांगते. नान्नजचं माळरान ही माळढोकाची जागा, तिथे झाडं लावून आकडे फुगवण्यात पुण्य नाही. गवताळ माळ तसाच राहू द्या. झाडं लावायची तर अक्कलकोट रस्त्याच्या औद्योगिक वसाहतीत, शाळांच्या आवारात आणि भाजी विकणाऱ्या बायका बसतात त्या रस्त्यांच्या कडेला लावा. कडुलिंब लावा. आणि रस्ता रुंद करताना आहे ते तोडू नका.

आता मागण्या. सगळं मागत नाही, या अंदाजपत्रकात बसेल एवढंच मागते.

पहिली मागणी मोजण्याची. मार्च ते जून रोज संध्याकाळी शहराचा उष्णतेचा अहवाल प्रसिद्ध करा. दिवसाचं कमाल, रात्रीचं किमान, हवेतला दमटपणा, आणि सरकारी-खासगी दवाखान्यांत उन्हाने आजारी पडून आलेल्यांची प्रभागनिहाय संख्या त्यात हवी. तापमान एकट्या मोकळ्या जागेतलं नको, पूर्वभागात पत्र्याखालीही तापमापक लावा. आमच्या शाळेची जागा देते, नोंदी घ्यायला मुलं देते. आणि सोलापूरचा स्वतःचा इशारा-आकडा ठरवा, ४५ ची वाट पाहू नका.

दुसरी मागणी छतांची. पत्र्याला आणि स्लॅबला ऊन परतवणारा पांढरा रंग किंवा नुसता चुना मारला तरी आतली हवा दोन-चार अंशांनी उतरते, हे ठिकठिकाणी करून पाहिलेलं आहे. ज्या तेलंगणातून आमचे आजे-पणजे माग घेऊन इथे आले, त्या राज्याने २०२३ मध्ये त्यासाठी वेगळं धोरणच केलं. सुरुवात शहरालगतच्या कुंभारीपासून करा. तिथे विडी कामगार बायकांच्या वसाहतीत २००६ मध्ये दहा हजार घरांच्या चाव्या दिल्या गेल्या, आणि तिथल्याच रे नगर या कामगार वसाहतीत १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते पंधरा हजार घरांचा ताबा दिला गेला. ही घरं कामगारांनी वर्षानुवर्षं लढून मिळवलेली आहेत. एकाच नमुन्याची इतकी छतं एका जागी दुसरीकडे कुठे मिळणार आहेत? रंग पालिकेने की जिल्हा परिषदेने द्यायचा हा तुमचा आपसातला प्रश्न, तो आमच्यापर्यंत आणू नका.

तिसरी, पाण्याचं वेळापत्रक. रोज देता येत नसेल तर तसं सांगा, पण ज्या दिवशी ज्या वेळी देणार ते महिनाभर आधी छापा आणि पाळा. रात्री दोनला आलेल्या पाण्यासाठी जागणारी बाई सकाळी सुपापुढे बसते, तेव्हा तिच्या अंगात काय उरलेलं असतं? शुद्ध केलेलं सांडपाणी उद्योगांना द्या आणि तेवढं पिण्याचं पाणी सोडवून घ्या.

चौथी मागणी कामाच्या वेळांची, आणि ही सर्वांत अवघड आहे हे मी जाणते. छोट्या शेड कारखाना कायद्याच्या कक्षेबाहेर राहतात आणि घरी विडी वळणारीला तर कारखानाच नसतो. तरीही कारखानदार, कामगार संघटना आणि तुम्ही एकत्र बसलात तर इशाऱ्याच्या दिवशी दुपारची पाळी पुढेमागे करता येईल. शेडना गरम हवा बाहेर फेकणारे पंखे बसवता येतील. विडीचा रोजचा आकडा कमी भरला म्हणून पुढच्या दिवशीचा पाला-तंबाखू कापला जाणार नाही, एवढं कारखानदारांकडून लिहून घेता येईल. गुजरातेत 'सेवा' या असंघटित कामगार बायकांच्या संघटनेच्या सभासदांसाठी, पारा ठरावीक अंशांवर गेला की खात्यात पैसे जमा होतात असा विमा निघाला. विडी कामगार बायकांसाठी तसा विमा काढा आणि पहिली काही वर्षं हप्ता तुम्ही भरा. विडी हा धंदा शाश्वत नाही, हे तुमच्याआधी आम्हाला कळलेलं आहे. अम्माचा खोकला मी लहानपणापासून ऐकते आहे. विडी उद्या बंद झाली तर मला वाईट वाटणार नाही. पण त्या आधी त्या हातांना दुसरं काम शिकवा, आणि ते काम घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर असू द्या. लांबच्या नोकऱ्या आमच्या बायकांना कुणी करू देत नाही, हे आमच्या समाजाचं दुखणं आहे, तेही मान्य करते.

पाचवी, शाळांची. मार्चपासून सकाळची शाळा करायला दरवर्षी परिपत्रकाची वाट पाहावी लागते, ती तारीख कायमची ठरवून टाका. पत्र्याच्या वर्गखोल्यांची छतं आधी करा. टाळेबंदीत बुडालेलं शिक्षण अजून भरून निघालेलं नाही, त्यात उन्हाने दरवर्षी आणखी आठवडे खाऊ नयेत.

आणि शेवटची. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचा दहा टक्क्यांपर्यंतचा भाग राज्याला स्थानिक आपत्तींसाठी वापरता येतो. कामावर किंवा घरात उन्हाने गेलेल्या माणसाच्या कुटुंबाला त्यातून मदत कशी मिळेल, अर्ज कुठे करायचा, दाखला कोण देणार, हे आपल्या आमदारांनी शासनाकडून लेखी आणावं. आज असा माणूस गेला की दाखल्यावर हृदयविकार लिहितात आणि विषय तिथे संपतो.

यातली कुठली मागणी अवाजवी वाटली तर तसं सांगा, चर्चा करू. कुठली आधीच मंजूर असेल तर काम कुठल्या गल्लीत चालू आहे ते दाखवा, मी मुलांना घेऊन बघायला येईन. उत्तर मला खासगीत नको. अंदाजपत्रकाच्या सभेत द्या, आणि ज्या भिंतींवर उन्हाचं पत्रक लावता त्याच भिंतींवर तेही लावा. मार्चच्या पहिल्या सोमवारपर्यंत ते दिसलं नाही, तर हेच पत्र पूर्वभागातल्या विडी कामगार आणि माग कामगारांच्या सह्या घेऊन आम्ही तुमच्या दालनात आणून देऊ. यायला दुपारी १२ ते ३ ही वेळच आम्हाला सोयीची पडेल.

आपली,
पूर्वभागातील एक शिक्षिका, सोलापूर